यशवंतरावांची बेरीज : ‘कृष्णाकाठ’ पुन्हा वाचताना



आजचा विषय यशवंतराव चव्हाण असा जाहीर झाला आहे, पण त्यात आम्ही थोडी दुरुस्ती करतो. आम्ही बोलणार आहोत ते ‘कृष्णाकाठ’ या पुस्तकाबद्दल. यशवंतरावांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मार्च महिना आला की जयंतीची भाषणे होतात, नोव्हेंबर आला की पुण्यतिथीची होतात आणि दोन्ही भाषणे साधारण सारखीच असतात. सुसंस्कृत नेता, रसिक वाचक, आधुनिक महाराष्ट्राचा शिल्पकार. हे खोटे नाही. पण विशेषणांची आरती झाली की विचार करायला जागा उरत नाही. पुस्तकाचे तसे नसते. पुस्तकाला प्रश्न विचारता येतात.

प्रश्न आम्हांला का पडला, ते आधी सांगतो. ‘बेरजेचे राजकारण’ हा शब्द यशवंतरावांच्या नावाशी जोडला गेलेला आहे. गेली काही वर्षे आपण काय पाहतो? सकाळी एका पक्षात असलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या पक्षात जातो आणि रात्री कराडला प्रीतिसंगमावर जाऊन यशवंतरावांच्या समाधीला फूल वाहतो. विचारलं तर म्हणतो, आम्ही यशवंतरावांचे बेरजेचे राजकारण पुढे नेत आहोत. आता एक तर हा माणूस त्या शब्दाचा गैरवापर करतो आहे, किंवा त्या शब्दातच अशी काही पोकळी आहे की त्यात कोणालाही शिरता यावे. यांपैकी खरे काय, हे ठरवायचे असेल तर मूळ गणित कसे मांडले होते ते पाहायला हवे. ते ‘कृष्णाकाठ’मध्ये मांडलेले आहे.

पुस्तक १९८४ साली आले. आदल्याच वर्षी वेणूताई गेल्या होत्या आणि त्या वर्षीच्या २५ नोव्हेंबरला यशवंतरावही गेले. आत्मचरित्राचे तीन भाग लिहायचे त्यांच्या मनात होते. हा पहिला भाग झाला, पुढचे दोन राहिले. जन्म १९१३चा, आणि पुस्तक थांबते १९४६ला, म्हणजे विधानसभेवर निवडून आलेला एक तरुण वकील पार्लमेंटरी सेक्रेटरीचे पद घेण्यासाठी कराड सोडून मुंबईला निघतो तिथे. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, विरोधी पक्षनेते, उपपंतप्रधान हे सारे या पुस्तकाच्या बाहेर आहे. सत्ता सुरू होते तिथे पुस्तक संपते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिथेच यायचे आहे.

आता पुस्तकात शिरू.

देवराष्ट्रे हे त्यांचे आजोळ. तिथला जन्म. बाळंतपण अवघड होते, आईच्या जिवावर बेतले होते, तेव्हा आजीने सागरोबाला साकडे घातले, यश दे म्हणून. त्यावरून नाव यशवंत. वडील कराडच्या कोर्टात बेलिफ. ते प्लेगमध्ये गेले तेव्हा मुलगा चार-पाच वर्षांचा. पुढचे घर आई विठाईने चालवले. गणपतराव आणि ज्ञानोबा हे बंधू. गरिबीचे वर्णन आपल्याकडच्या आत्मचरित्रांत पुष्कळ असते आणि बहुतेक ठिकाणी ते पुढच्या यशाला उठाव यावा म्हणून असते. इथे तसे होत नाही. यशवंतराव गरिबी सांगतात आणि पुढे जातात. तिचे भांडवल करत नाहीत.

त्यापेक्षा महत्त्वाचे आहे त्या घरातले वातावरण. गणपतरावांवर सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा प्रभाव होता. धाकट्या भावाला काँग्रेसची, स्वातंत्र्यलढ्याची ओढ लागली. १९२९ साली जतींद्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात त्रेसष्ट दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा घरातलेच कोणी गेल्यासारखे या शाळकरी मुलाला वाटले. म्हणजे एकाच चुलीवर जेवणारे दोन भाऊ, एक फुल्यांच्या वाटेने विचार करणारा, दुसरा गांधींच्या वाटेने निघालेला. त्या काळात सातारा जिल्ह्यात या दोन वाटांचे वैर काही साधे नव्हते. काँग्रेस म्हणजे भटांची, हा समज बहुजन समाजात पक्का होता आणि त्याला कारणेही होती. यशवंतरावांनी ती कारणे नाकारली नाहीत. ब्राह्मणेतर चळवळीने विचारलेला प्रश्न खरा आहे, पण परकी सत्तेचा प्रश्न बाजूला ठेवून तो सुटणार नाही, अशी त्यांची मांडणी दिसते. केशवराव जेधे याच सुमाराला त्या दिशेने वळले होते.

इथे आपल्याला बेरजेचे पहिले उदाहरण मिळते. बारकाईने पाहा, ही दोन माणसांची किंवा दोन गटांची बेरीज नाही. दोन प्रश्नांची आहे. शेतकरी बहुजनांचा प्रश्न अधिक स्वातंत्र्याचा प्रश्न. पुढे १९३७च्या निवडणुकीत सातारा जिल्ह्यातून खेड्यातला, शेतकरी समाजातला कार्यकर्ता उमेदवार म्हणून उभा राहिला पाहिजे असा आग्रह यशवंतराव आणि त्यांच्या मित्रांनी धरला आणि आत्माराम पाटील उभे राहिले, निवडून आले. म्हणजे काँग्रेसमध्ये जाऊन त्यांनी मूळ प्रश्न विसरून टाकला नाही. तो आत नेला.

दुसरा प्रसंग १९३२चा. २६ जानेवारीला शाळकरी यशवंतने टिळक हायस्कूलमध्ये झेंडा लावला. शिक्षा झाली अठरा महिने सक्तमजुरीची. माफी मागितली तर सुटका होईल असे सुचवले गेले, तेव्हा आईने ते साफ नाकारले. चांगल्या कामासाठी तुरुंगात आला आहेस, माफी कसली मागायची, तब्येतीला जप, असा तिचा भाव. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. व्याख्यानांतून ती इतकी सांगितली जाते की तिची धार गेली आहे. पण आमच्या आजच्या विषयासाठी तिच्यात एक मुद्दा आहे. मोजायचेच झाले तर माफीत फायदाच होता. विधवा बाई, शिकणारा मुलगा, घरात पैसा नाही. तरीही काही गोष्टी हिशेबात धरायच्याच नसतात, हे त्या माऊलीने दाखवले. बेरीज करणाऱ्या माणसाने ही आईची शिकवण मुद्दाम लिहून ठेवली आहे, हे विसरू नका.

विसापूर आणि येरवड्याच्या तुरुंगातले दिवस हा पुस्तकाचा आम्हांला सर्वांत आवडणारा भाग. आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन, एस. एम. जोशी, ह. रा. महाजनी अशी मंडळी तिथे होती. गांधीवादी, समाजवादी, पुढे रॉयवादी झालेले, सगळे एका छताखाली. संस्कृत काव्य शिकवले जाते आहे आणि त्याच बराकीत मार्क्सवर वाद चालले आहेत. मॅट्रिकही न झालेला कराडचा मुलगा हे ऐकतो आहे. ऐकण्याची सवय त्यांना तिथे लागली. त्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीत, मित्र आणि विरोधक दोघेही जी एक गोष्ट मान्य करतात ती हीच, की हा माणूस ऐकून घ्यायचा.

सुटल्यावर काही वर्षे यशवंतराव मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, महाजनी, आत्माराम पाटील ही सगळी जवळची माणसे त्या गटातली. मग महायुद्ध आले. फॅसिझमचा पराभव आधी झाला पाहिजे, म्हणून ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांना पाठिंबा द्यावा, असे रॉय म्हणू लागले. तत्त्वाच्या पातळीवर हा युक्तिवाद मुळीच पोकळ नव्हता, हिटलर म्हणजे काय हे पुढे जगाने पाहिलेच. पण यशवंतरावांना तो पटला नाही. लोक ज्या बाजूला आहेत तिच्या विरुद्ध जाऊन लोकांचे राजकारण करता येत नाही, असे त्यांना वाटले, आणि ते काँग्रेसबरोबर राहिले. जिवाभावाच्या मित्रांची वाट सुटली. ही वजाबाकी आहे, मंडळी. बेरजेच्या राजकारणाचा प्रणेता म्हणून ज्याला आपण ओळखतो त्याच्या आत्मचरित्रातला हा एक कळीचा प्रसंग वजाबाकीचा आहे.

यातून आम्हांला त्या बेरजेच्या अटी दिसतात. पहिली अट, बेरीज प्रश्नांची, माणसे त्या प्रश्नांमागे येतात. दुसरी, काही आकडे पाटीवर घ्यायचेच नाहीत, जसे माफी. आणि तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. बेरीज करणाऱ्याने स्वतः किंमत मोजलेली असली पाहिजे. १९३२ला अठरा महिने गेले. १९४०ला मित्र गेले. १९४२ला तर काय काय गेले ते पाहा.

२ जून १९४२ला लग्न झाले. दोन महिन्यांत ‘छोडो भारत’. सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे मेली. यशवंतराव भूमिगत झाले. जानेवारी १९४३मध्ये वेणूताईंना अटक झाली, नव्या नवरीची पहिली संक्रांत. त्याच धामधुमीत बंधू ज्ञानोबा गेले. वेणूताई सुटल्या त्या आजार घेऊनच. त्यांना पाहायला यशवंतराव फलटणला गेले आणि तिथे पकडले गेले. चळवळीच्या शिस्तीचा विचार केला तर भूमिगत माणसाने असे जायचे नसते. हे प्रकरण झाकून ठेवायला किंवा त्यावर वीरश्रीचा मुलामा द्यायला जागा होती. त्यांनी दोन्ही केले नाही. बायको आजारी होती, राहवले नाही, गेलो, सापडलो. पुस्तकाच्या सचोटीची आम्ही जी दोन-तीन उदाहरणे देऊ त्यांत हे पहिले देऊ.

आता थोडे उणे. पुस्तकाची भाषा संथ आहे. कृष्णेसारखी आहे असे समीक्षक म्हणतात आणि लेखकालाही तसेच सुचवायचे आहे. आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राचे नावही नदीचेच, ‘कऱ्हेचे पाणी’. पण अत्र्यांची कऱ्हा धो धो वाहते, दुथडी भरून शेजारच्या शेतात शिरते. यशवंतरावांची कृष्णा काठ सोडत नाही. हा संयम वाचताना सुखद वाटतो, पण त्यामुळे एक गोष्ट हातातून निसटते, ती म्हणजे राग. सातारा जिल्ह्यात त्या काळी सावकारी होती, जातीची उतरंड होती, पुढे प्रतिसरकारच्या काळात लोकांनी न्याय स्वतःच्या हातात घेतला तो काही गंमत म्हणून नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मागे जे हजारो लोक गेले त्यांच्या पोटातली आग या पुस्तकात धगधगत नाही. लेखक ती आग ओळखतो, आदराने तिचा उल्लेख करतो, पण स्वतः शेकोटीपासून दोन हात दूर बसतो. दोन्ही बाजू समजून घेण्याची सवय लागली की असे होते. समजून घेणे वाढते आणि चीड कमी होते.

दुसरे उणे वेणूताईंबद्दल. त्या पुस्तकात ठायी ठायी आहेत, आणि लेखकाचे प्रेम, ऋण, अपराधी भावना हे सारे खरे आहे. पण त्या बोलत फार थोड्या. तुरुंग, आजार, दिरांची मरणे, हे सगळे त्यांच्या अंगावरून गेले, आणि आपल्याला ते नवऱ्याच्या हळहळीतून कळते. मराठीत ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेल्यानंतर पन्नास वर्षांनी आलेल्या आत्मचरित्राकडून एवढी अपेक्षा करायला हरकत नाही.

आता आपण पुस्तकाच्या बाहेर पडू. १९४६ला गाडी मुंबईकडे निघाली. जाण्याआधी त्यांची घालमेल झाली होती. पद घ्यावे की नाही, घर कसे चालेल, गणपतरावांचा आजार. ती त्यांनी लिहिली आहे. मुंबईला ते गृहमंत्री मोरारजी देसाईंचे पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. पुढचे दोन भाग असते तर त्यांनी हिशेब दिला असता. ते नाहीत. मग समीक्षकाने काय करायचे? आमचे उत्तर असे, की लेखकाने पहिल्या भागात जी फूटपट्टी स्वतः तयार करून दिली तीच पुढच्या आयुष्याला लावायची. आपली बाहेरची फूटपट्टी आणायची नाही. पुतळा पाडायचा नाही आणि पूजाही करायची नाही.

पहिला कसोटीचा काळ अर्थातच १९५५ ते १९६०. राज्यपुनर्रचना आयोगाने मुंबईसह महाराष्ट्र दिला नाही, महाराष्ट्र पेटला. यशवंतराव मोरारजींच्या मंत्रिमंडळात होते. १९५५च्या अखेरीस फलटणला त्यांनी सांगितले की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना मोठे मानू. जानेवारी १९५६मध्ये मुंबईत गोळीबार झाले. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. यशवंतरावांनी पद सोडले नाही, आणि १ नोव्हेंबर १९५६ला ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले.

मॅक्स वेबरने १९१९ साली म्युनिकला विद्यार्थ्यांसमोर दिलेले राजकारणावरचे एक व्याख्यान आहे. त्यात तो दोन नीती सांगतो. एक निष्ठेची नीती, म्हणजे मला जे योग्य वाटते ते मी करणार, परिणाम काही होवोत. दुसरी जबाबदारीची, म्हणजे परिणामाची जबाबदारी माझ्यावर आहे हे धरून वागणार. देशमुखांनी पहिली निवडली, यशवंतरावांनी दुसरी, असे म्हणणे सोपे आहे. आम्ही वर्गात हे उदाहरण पुष्कळ वर्षे दिले. आणि परिणाम पाहिले तर यशवंतरावांच्या बाजूने बोलण्यासारखे खूप आहे. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला झोडपून काढले, ते स्वतः कराडला थोडक्यात वाचले. तरी त्यांनी त्या विरोधकांना शत्रू मानले नाही. ३० नोव्हेंबर १९५७ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला त्यांनी नेहरूंना आणले. वाटेवर समितीची प्रचंड निदर्शने झाली. नेहरूंना जे कोणी कागदावर पटवू शकले नव्हते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आतून यशवंतराव, बाहेरून समिती, असा दोन बाजूंनी रेटा बसला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला.

इथपर्यंत ठीक. पण वेबरचा पुढचा भाग आपण विसरतो. जबाबदारीची नीती स्वीकारणाऱ्याने त्या मार्गात जे वाईट घडले त्याचीही जबाबदारी घ्यायची असते. निष्ठावंत म्हणू शकतो की परिणाम माझ्या हातात नव्हते. जबाबदारीवाल्याला तशी सबब नाही. मंगल कलश आणला याचे श्रेय घ्यायचे असेल तर गोळीबार करणाऱ्या मंत्रिमंडळात आपण होतो, याचा जाबही द्यायला हवा. तो जाब दुसऱ्या भागात यायला हवा होता. १९३२च्या तुरुंगात आईने काय म्हटले ते लिहिणाऱ्या माणसाने तो टाळला असता असे आम्हांला वाटत नाही. पण कागदावर तो नाही, आणि जयंतीच्या भाषणांनी ती रिकामी जागा फुलांनी झाकून टाकली आहे.

राज्य हातात आल्यावरच्या कामांत मात्र बेरजेची पहिली अट स्पष्ट पाळलेली दिसते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचा प्रश्न मांडला होता, वतन रद्द करणारा कायदा यशवंतरावांच्या काळात, १९५८ला झाला. बौद्ध झालेल्यांच्या सवलती राज्यात चालू राहिल्या. बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असणाऱ्या घरांतल्या मुलांना फीमाफी मिळाली. आज सभागृहात सत्तरीच्या आसपासचे जे दिसतात त्यांच्यापैकी किती जण त्या ई.बी.सी.वर शिकले असतील! १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मराठवाडा विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ झाले. आणि साहित्य संस्कृती मंडळाच्या अध्यक्षपदी कोण? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री. ज्यांची वाट १९४०ला सोडली त्या मित्राला, पक्ष न विचारता, विश्वकोशासारखे काम दिले. हे आहे खरे बेरजेचे राजकारण. मतभेद पुसले नाहीत आणि काम अडले नाही.

पण ताळेबंदाची दुसरी बाजूही आहे. शेतकरी कामगार पक्षातली कर्ती माणसे काँग्रेसमध्ये आली. यशवंतराव मोहिते आले, मंत्री झाले. पुढे १९६७ला दादासाहेब गायकवाडांच्या रिपब्लिकन गटाशी युती झाली. त्या पक्षातली फूट आधीचीच होती, युतीने ती रुंदावली. येणारी माणसे स्वार्थी होती असे आम्ही म्हणत नाही, मोहित्यांसारखा विचार करणारा मंत्री महाराष्ट्राला थोडाच मिळतो. पण परिणाम काय झाला? प्रश्न विचारणारे बाक रिकामे होत गेले. साखर कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद आणि विधानसभा एकाच गोतावळ्याच्या हातात येऊ लागली. ज्या शेतकऱ्याच्या पोराला सत्तेत वाटा मिळावा म्हणून १९३७ला आग्रह धरला होता, त्यातल्याच काही घराण्यांनी पुढे सत्तेचे वतन केले. बेरीज प्रश्नांकडून माणसांकडे सरकली, ती इथे.

दिल्लीबद्दल आम्ही थोडक्यात बोलणार. नोव्हेंबर १९६२ला चीनच्या युद्धात ते संरक्षणमंत्री म्हणून गेले, सैन्याचे मनोबल सावरले. ते त्यांच्या कारकिर्दीतले उजळ पान आहे. पण १९६९ला बंगळूरच्या बैठकीत त्यांनी राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले आणि काही महिन्यांत पक्ष फुटला तेव्हा ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. २६ जून १९७५ला आणीबाणीचा निर्णय मंत्रिमंडळाला सकाळी कळवला गेला. ते त्या मंत्रिमंडळात होते आणि राहिले. जुलै १९७९ला त्यांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला आणि चरणसिंगांच्या सरकारात ते उपपंतप्रधान झाले. ते सरकार लोकसभेला सामोरे न जाताच पडले. १९८१ला, बराच काळ दारात ताटकळून, ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले.

या सगळ्यांना त्यांच्याच तिसऱ्या अटीची पट्टी लावा. बेरजेची किंमत कोणी मोजली? १९३२ला, ४०ला, ४२ला त्यांनी स्वतः मोजली. ७५ला ती तुरुंगात गेलेल्या इतरांनी मोजली, आणि त्यांत येरवड्याच्या बराकीतल्या परंपरेतली, त्यांच्या ओळखीची माणसे होती. ७९ला मिळाले ते पद, गेली ती विश्वासार्हता. ८१च्या ताटकळण्याबद्दल आम्हांला चीड येत नाही, वाईट वाटते. माफी नको म्हणणाऱ्या आईचा मुलगा त्या दारात उभा होता. आमच्या मते दिल्लीत त्यांच्या ऐकण्याच्या गुणाचेच थांबण्याच्या सवयीत रूपांतर झाले. प्रांतात सगळ्यांचे ऐकून निर्णय करणारा माणूस तिथे दुसऱ्याचा निर्णय होईपर्यंत थांबू लागला. कारणही समजण्यासारखे आहे. महाराष्ट्रात त्यांच्या पायाखाली जमीन होती, माणसे होती, भाषा होती. दिल्लीत त्यांतले काही नव्हते.

कोणी म्हणेल, सर, तुम्ही गेलेल्या माणसाचा हिशेब मांडता, त्याला उत्तर देता येत नाही. खरे आहे. म्हणून तर आम्ही त्याच्याच पुस्तकातून उत्तर शोधले. आणि अजून एक. आयुष्याच्या शेवटी, पत्नी गेलेली, पक्षात किंमत उरलेली नाही, अशा वेळी या माणसाने लिहायला घेतले ते मंत्रिपदांबद्दल नाही. सुरुवात केली देवराष्ट्र्यापासून. लहानपणी शाळेत कोण होणार असे विचारल्यावर, इतर मुले थोरांची नावे सांगत असताना, आपण यशवंतराव चव्हाण होणार असे त्याने सांगितले होते. तो प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात घातला आहे. लोक तो आत्मविश्वासाचा नमुना म्हणून सांगतात. एकाहत्तरीच्या माणसाने तो आठवून लिहिला, तेव्हा त्यात आत्मविश्वासापेक्षा एक प्रश्न असावा असे आम्हांला वाटते. झालो का आपण तो?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. बेरजेचे राजकारण या शब्दात पोकळी आहे का? ‘कृष्णाकाठ’मधल्या बेरजेत नाही. तिला अटी आहेत आणि त्या कडक आहेत. पुढच्या आयुष्यात त्या अटी काही वेळा पाळल्या गेल्या, काही वेळा सुटल्या, आणि जिथे जिथे सुटल्या तिथून आजच्या पक्षांतरवाल्यांना आत यायला वाट झाली. त्यामुळे पुढच्या वेळी प्रीतिसंगमावर फूल वाहून कोणी हा शब्द उच्चारला, तर त्याला तीनच प्रश्न विचारा. तुम्ही कोणता प्रश्न कोणत्या प्रश्नात मिळवला? कोणती गोष्ट तुम्ही हिशेबात धरणारच नाही? आणि या बेरजेत तुमच्या पदरचे काय गेले? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही तर पहिल्या दोहोंची उत्तरे ऐकत बसू नका.

ज्यांनी ‘कृष्णाकाठ’ वाचले नसेल त्यांनी वाचावे, वाचले असेल त्यांनी पुन्हा वाचावे, आणि या वेळी जयंतीची भाषणे बाजूला ठेवून वाचावे, एवढी विनंती करतो आणि थांबतो.